नागपूरहून मालवण-तारकर्ली: कुटुंबाच्या छोट्या सहलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरला समुद्र कुठल्याच बाजूने जवळ नाही. पुण्या-मुंबईची माणसे शुक्रवारी रात्री निघतात आणि शनिवारी सकाळी किनाऱ्यावर नाश्ता करतात. आपला एक अख्खा दिवस जाण्यात आणि एक येण्यात जातो. म्हणून तिकडच्या सोयीने आखलेली दोन दिवसांची वेळापत्रके आपल्याला लागू पडत नाहीत. खालची उत्तरे नागपूरहून निघणारे चौघांचे कुटुंब, सोबत कदाचित आजी-आजोबा, आणि मुक्काम मालवण परिसरात, एवढे धरून दिली आहेत.

किती दिवसांची रजा काढावी लागेल?

रजेचे दिवस मोजण्याआधी किनाऱ्यावरच्या रात्री मोजा. तीन रात्री हा किमान हिशोब. दोनच रात्री मिळत असतील तर इतक्या लांब जाऊ नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. एवढ्या प्रवासानंतर पहिली संध्याकाळ थकव्यात जाते आणि शेवटचा दिवस सामान बांधण्यात. मग हातात उरतो एक दिवस, आणि त्याच दिवशी वारा सुटून बोटी बंद राहिल्या की संपले.

नागपूर-मडगाव ही आठवड्यातून दोनदा धावणारी विशेष गाडी मिळाली तर गणित असे बसते. ती नागपूरहून बुधवारी आणि शनिवारी दुपारी सुटते, मडगावहून परतीला गुरुवारी आणि रविवारी संध्याकाळी. बुधवारी निघालात तर गुरुवारी दुपारी कुडाळ, रविवारी रात्री परतीची गाडी, सोमवारी रात्री नागपूर. म्हणजे घरून सहा दिवस बाहेर आणि समुद्राजवळ तीन रात्री. शनिवारी निघालात तर रविवार ते गुरुवार चार रात्री मिळतात आणि शुक्रवारी रात्री घरी. दुसरा पर्याय मुलांच्या दृष्टीने जास्त चांगला, कारण मधल्या वारी किनाऱ्यावर गर्दी कमी आणि खोल्याही स्वस्त. शिवाय घरी आल्यावर कपडे धुवायला आणि झोप भरून काढायला शनिवार-रविवार हाताशी राहतो.

ही गाडी विशेष असल्यामुळे तिची मुदत टप्प्याटप्प्याने वाढवली जाते. आरक्षण करताना वार, वेळ आणि मुदत पुन्हा तपासा.

कोणत्या महिन्यात जावे?

नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. हवा सुखद असते, पावसाळ्यात गढूळ झालेले पाणी निवळलेले असते, लाटा मवाळ असतात. दिवाळीच्या सुट्टीचा दुसरा आठवडा नागपूरच्या शाळांना सोयीचा पडतो. नाताळ ते ३१ डिसेंबर हे दिवस मात्र टाळा. तेव्हा खोलीचे दर दुप्पट होतात आणि तारकर्लीपुढच्या देवबाग गावाच्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते.

एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा चालतो. आंबे असतात, फणस असतो, मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात. उकाडा मात्र वेगळ्या जातीचा असतो. त्याबद्दल पुढे सांगितले आहे.

खरा घोटाळा जूनमध्ये होतो. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे आपल्याकडे '१५ जूनला जाऊन येऊ' असे सहज म्हटले जाते. पण कोकणात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच पाऊस लागतो. मेच्या अखेरीपासून ३१ ऑगस्टपर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले सगळे खेळ बंद असतात. १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारीही दोन महिने थांबते, त्यामुळे ताजी सुरमई मिळत नाही. पावसाळी कोकण सुंदर असते, पण ती निराळी सहल झाली. मुलांना समुद्रात खेळायचे आहे असे सांगून त्यांना जूनमध्ये नेऊ नका.

आणखी दोन तारखा सांभाळा. गणेशोत्सवात कोकणच्या गाड्या महिनोन्महिने आधी भरतात आणि घरगुती निवास चालवणारी बहुतेक कुटुंबे स्वतःच्या गणपतीत गुंतलेली असतात. दुसरी म्हणजे मालवणजवळच्या आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्रा. तिची तारीख पंचांगावरून ठरत नाही, दरवर्षी देवीचा कौल घेऊन जाहीर होते. बहुधा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येते. त्या दोन-तीन दिवसांत लाखो माणसे येतात आणि खोली मिळणे अवघड होते. दर्शनच घ्यायचे असेल तर तसे ठरवून जा, नाहीतर त्या तारखा सोडा.

रेल्वेचे तिकीट कधी आणि कोणत्या स्टेशनचे काढावे?

कुडाळचे काढा. मालवण तिथून सुमारे ३० किलोमीटर, तारकर्ली त्याहून थोडे पुढे. कणकवलीपासून अंतर जास्त पडते. सिंधुदुर्ग नावाचेही स्टेशन आहे. नावावरून ते किल्ल्याजवळ असेल असे वाटते, पण ते ओरोसला, जिल्हा मुख्यालयाजवळ आहे. तिथून मालवण कुडाळइतकेच लांब, आणि वाहने मात्र कुडाळला जास्त मिळतात.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. विशेष गाडीचे आरक्षण काही वेळा नंतर सुरू होते आणि तिचे भाडे नेहमीच्या गाडीपेक्षा जास्त असते. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण त्याला बर्थही मिळत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्ध्या तिकिटावरही बर्थ मिळत नाही. बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे भरावे लागते. एक रात्र आणि पुढचा अर्धा दिवस एवढा प्रवास आहे, तेव्हा इथे पैसे वाचवू नका. आठ वर्षांचे मूल शेजारी घेऊन एका बर्थवर रात्र काढली की दुसऱ्या दिवशी दोघेही चिडचिडे होतात.

विशेष गाड्यांना नियमित गाड्यांनंतर वाट मिळते, त्यामुळे दोन-तीन तास उशीर गृहीत धरा. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक असते, गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि वेळा बदलतात. दसऱ्याच्या आसपास जाणाऱ्यांनी हे विसरू नये. गाडीत दोन जेवणांचे घरचे न्या: दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी. दह्याचे आणि ओल्या नारळाचे पदार्थ नेऊ नका, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते टिकत नाहीत.

थेट गाडीचे तिकीट मिळाले नाही तर?

मुंबईत गाडी बदलायची. संध्याकाळी नागपूरहून विदर्भ एक्सप्रेस धरली की सकाळी सातच्या आसपास मुंबईत पोचता. इथेच बहुतेकांचा बेत फसतो. मडगावकडे जाणारी मांडवी एक्सप्रेसही सकाळी सातनंतर लगेच मुंबईहून सुटते. कागदावर दोन्ही जुळल्यासारख्या दिसतात, पण विदर्भ अर्धा तास उशिरा आली की मांडवी गेली, आणि दोन तिकिटे वेगवेगळी काढलेली असतील तर पुढच्या तिकिटाचे पैसेही गेले. त्यापेक्षा दिवस मुंबईत काढा, नातेवाइकांकडे आंघोळ-जेवण उरका आणि रात्रीची कोकणकन्या किंवा दादरहून मध्यरात्रीनंतर सुटणारी तुतारी घ्या. सकाळी कुडाळला उतरता आणि तो दिवस पूर्ण हाती लागतो. तुतारीचे तिकीट काढताना तारीख नीट बघा. गाडी रात्री बारानंतर सुटते, म्हणून शुक्रवारच्या रात्री निघायचे असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचे लागते.

स्वतःच्या कारने जाणे शहाणपणाचे आहे का?

दोन चालक असतील आणि वाटेत एक मुक्काम करायची तयारी असेल तर हो. एकट्या चालकाने, लहान मुलांसह, एका दमात जायचे असेल तर नाही.

सरळ रस्ता बुटीबोरी, यवतमाळ, नांदेड, तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर असा जातो. तळकोकणापर्यंत अंतर हजार किलोमीटरच्या आसपास भरते. पहिल्या दिवशी सोलापूर गाठा. तिथवर सहाशे किलोमीटर होतात. वाटेत तुळजापूरचे दर्शन घ्यायचे असेल तर पहाटे पाचला निघा. दुसऱ्या दिवशी कोल्हापूर ओलांडून फोंडा किंवा गगनबावड्याच्या घाटाने खाली उतरायचे. घाट उजेडात उतरा. पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि दुरुस्तीसाठी घाट कधी कधी महिनोन्महिने बंद असतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी मुक्कामाच्या मालकालाच फोन करून कोणता घाट सुरू आहे ते विचारा. नकाशातल्या अॅपपेक्षा त्याची माहिती ताजी असते.

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण सुरू झाला आहे. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता वेगवान असला तरी मालवणसाठी तिकडून वळसा पडतो. मुंबई-गोवा महामार्ग जोडून सुमारे दोनशे किलोमीटर वाढतात. वाटेत नाशिक किंवा मुंबईला काम असेल तरच तो घ्या. उन्हाळ्यात जात असाल तर टायर किती जुने आहेत ते बघा आणि हवा टायर थंड असताना, कंपनीने सांगितलेल्या दाबाइतकी भरा. तापलेल्या काँक्रीटवर सतत १२० च्या वेगाने जुने टायर फुटतात. दर दोन तासांनी थांबा. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनही लक्ष हरवते.

किनाऱ्यावर गाडी वाळूत उतरवू नका. ओली वाळू कडक वाटते, पण चाक एकदा रुतले की भरती थांबत नाही. परतल्यावर खालच्या बाजूने गोड्या पाण्याने गाडी धुऊन घ्या, खाऱ्या हवेने पत्रा लवकर गंजतो.

विमानाने?

नागपूर-गोवा विमान मिळाले आणि ते मोप्याला उतरणारे असले तर उत्तम. मोप्याचा विमानतळ गोव्याच्या उत्तर टोकाला, सिंधुदुर्गाच्या हद्दीजवळ आहे. टॅक्सीने मालवण साधारण दोन तासांत येते. दाबोळीला उतरलात तर अंतर बरेच वाढते, म्हणून तिकिटावर विमानतळाचे नाव वाचा. टॅक्सी मालवणच्या मुक्कामाकडूनच बोलावलेली बरी.

मालवण, तारकर्ली की देवबाग, राहायचे कुठे?

पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबाने तारकर्लीत राहावे. समोर लांब पांढरी वाळू, मालवणचा बाजार सहा-सात किलोमीटरवर, रिक्षा मिळते. आजी-आजोबा सोबत असतील किंवा दोन वर्षांखालचे मूल असेल तर मालवण शहर बरे. दवाखाने, औषधांची दुकाने, एटीएम, एसटी स्टँड, सगळे हाताशी आणि खाणावळींची निवडही भरपूर. शहरालगतचा चिवला किनारा खडकांच्या आडोशामुळे त्यातल्या त्यात शांत असतो.

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी यांच्यामधली जमिनीची चिंचोळी पट्टी. फार देखणी जागा. पण रस्ता अरुंद आहे, रात्री उशिरा वाहन मिळत नाही आणि प्रत्येक खरेदीसाठी मालवणला यावे लागते. स्वतःची गाडी असेल, शांतता हवी असेल, तर जरूर राहा.

खोली ठरवताना मालकाला काय विचारायचे?

फोटो बघून ठरवू नका, फोन करा. किनारा चालत किती मिनिटांवर आहे, आणि मध्ये रस्ता ओलांडावा लागतो का? चौथ्या माणसासाठी जादा गादीचे किती? वीज गेल्यावर पंखा इन्व्हर्टरवर चालतो का? वारा-पावसात तिकडे वीज जाते, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा. जेवण घरात करतात की बाहेरून आणतात? समुद्रातून आल्यावर अंगावरची वाळू धुवायला बाहेर नळ आहे का? रेल्वे दुपारी पोचते तेव्हा खोली कितीला ताब्यात मिळते, आणि परतीची गाडी रात्रीची असेल तर शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत सामान ठेवून आंघोळ करू देतील का? हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि मग भिजलेल्या कपड्यांनिशी दुपारभर बाजारात फिरतात.

एप्रिल-मेमध्ये एसी घ्याच. नागपूरची सवय कुलरची असते आणि आपल्या कोरड्या उन्हात तो उत्तम काम करतो. कोकणातली हवा आधीच दमट असते. तिथे पाणी उडून थंडावा होत नाही, कुलर लावला तर खोली फक्त ओलसर होते. तापमान ३३-३४ अंश असले तरी घामाच्या धारा लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पंखा पुरतो.

आगाऊ रक्कम एका रात्रीच्या भाड्यापुरती द्या आणि रद्द केल्यास काय परत मिळेल ते मेसेजवर लिहून घ्या. पूर्ण रक्कम आधीच मागणाऱ्या, फोन न उचलणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहा.

तीन दिवस कसे वाटायचे?

सकाळ पाण्यासाठी, दुपार झोपेसाठी, संध्याकाळ वाळूसाठी. एका दिवशी एकच मोठी गोष्ट ठेवा. एक सकाळ सिंधुदुर्ग किल्ला, एक सकाळ स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरणे) किंवा स्नॉर्केलिंग (नळीने श्वास घेत वरूनच पाण्यात बघणे), एक सकाळ देवबागच्या संगमावर बोटीने. डॉल्फिन पाहायच्या असतील तर सकाळी सातची फेरी धरा. उन्हे चढली, वारा सुटला की त्या दिसणे कमी होते. संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पाहता येतो. मुलांना तो फार आवडतो, फक्त बोली लावणाऱ्यांच्या मध्ये उभे राहू नका.

हिवाळ्यात मालवणचा सूर्य नागपूरपेक्षा जवळपास अर्धा तास उशिरा मावळतो, कारण आपण बरेच पूर्वेला आहोत. डिसेंबरात सहापर्यंत उजेड धरून चला.

भरती-ओहोटीची वेळ कशी कळते?

हे एवढे शिकून गेलात तर सहल निम्मी सोपी होते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच. हा ठोकताळा मुंबईच्या बाजूला जास्त नेमका बसतो. मालवणला भरती त्याआधी जरा लवकर येते. पूर्ण भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि रोज वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. नेमकी वेळ मुक्कामाचा मालक किंवा कोणताही होडीवाला सांगतो.

उपयोग असा: संगमावरचे त्सुनामी बेट म्हणजे वाळूची पुळण आहे. भरतीला ती पाण्याखाली जाते, पाय टेकवून खेळायचे तर ओहोटीची वेळ धरावी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरते, तेव्हा पाण्याची ओढही जास्त असते. तारीख निवडायची मुभा असेल तर लहान मुलांसाठी सप्तमी-अष्टमीच्या आसपासचे दिवस बरे.

सिंधुदुर्ग किल्ल्याला किती वेळ लागतो?

मालवण धक्क्यावरून होडीने दहा-पंधरा मिनिटे. होडीवाले आत फिरायला साधारण तासभर देतात. तो कमी पडतो, म्हणून चढण्यापूर्वीच जास्त वेळ मागून घ्या. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर याचे काम सुरू केले. आतले शिवराजेश्वर मंदिर राजाराम महाराजांनी बांधवले, आणि तटाजवळ चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे व पायाचे ठसे दाखवतात. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या बेटावर दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या तीन विहिरींना गोडे पाणी आहे. मुलांना त्या आवर्जून दाखवा आणि पाणी गोडे कसे राहते यावर बोला.

सावली कमी आहे. सकाळी नऊच्या आत पहिल्या होड्यांनी जा, टोप्या आणि माणशी एक लिटर पाणी घ्या. महाद्वाराजवळ होडीतून उतरताना पाय ओले होतात, बूट नकोत.

पोहता येत नाही, तरी स्कूबा जमेल का?

जमेल. पर्यटकांना चार-सहा मीटर खोलीवर नेतात आणि प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून असतो. शिकायचे एवढेच: तोंडाने श्वास घ्यायचा आणि कान दुखू लागण्याआधीच नाक दाबून हलका जोर द्यायचा. बहुतेक लोक कानाच्या दुखण्याने घाबरतात आणि वर येतात. दर अर्ध्या मीटरला हे करत गेलात तर दुखत नाही.

दहा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नका. सर्दी असेल, दमा किंवा हृदयविकार असेल, कानाची शस्त्रक्रिया झाली असेल, गरोदर असाल तर करू नका. न्याहारी हलकी, आदल्या रात्री मद्य नको. परतीचे विमान असेल तर स्कूबा आणि उड्डाण यांत किमान १८ तास ठेवा. म्हणजे स्कूबा पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी उरकायचे, शेवटच्या नाही. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीतच आहे, पहिली चौकशी तिथे करा.

बोटीत बसताना माणसे मोजा. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला. मेच्या उत्तरार्धात समुद्र खवळू लागतो, आणि 'शेवटची फेरी' म्हणून कोणी आग्रह केला तरी नाही म्हणा. जीवरक्षक जाकीट मुलाच्या मापाचे मिळाले नाही तर मूल बोटीत चढवू नका. मोठ्यांचे जाकीट त्याच्या डोक्यावरून निसटते.

मुलांना समुद्रात कुठवर सोडायचे?

मुलाच्या गुडघ्यापर्यंत, आणि एक मोठा माणूस समुद्राच्या बाजूला उभा. आपली मुले अंबाझरीच्या काठावर किंवा पोहण्याच्या तलावात वाढलेली असतात. स्थिर पाण्यात पोहता येणे आणि लाटेत उभे राहता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते, तेव्हा मुलाचा तोल जातो.

लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा शांत, गडद दिसला तर तो सुरक्षित समजू नका. तिथूनच पाणी आत परत जात असते. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडा आणि मग वळा. देवबागच्या संगमावर ओहोटीच्या वेळी पोहायला अजिबात उतरू नका, नदीचे आणि समुद्राचे पाणी एकाच दिशेने धावते.

जेलीफिश चावली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोडे पाणी लावू नका, वाळूने चोळू नका. तंतू चिमट्याने अलगद काढा. श्वासाला त्रास झाला तर थेट १०८.

घरात काही जण शाकाहारी आहेत. जेवणाचे काय?

अडचण येत नाही, पण सकाळीच सांगावे लागते. काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळी, घावणे, नारळाच्या गोड रसातले शिरवाळे, हंगामात फणसाची भाजी: मागितले तर घरोघरी मिळते. न सांगता गेलात तर पनीर पुढे येते. भांडी वेगळी हवी असतील तर खोली ठरवतानाच विचारा. 'फक्त शाकाहारी' पाटी असलेल्या खाणावळी मालवण शहरात सापडतात. पोळीची सवय असलेल्यांनी पोळ्यांची संख्या आधी सांगावी, कारण तिकडचे जेवण भातावर बेतलेले असते.

मासे खाणाऱ्यांसाठी: थाळीचा दर माशावर ठरतो, म्हणून बसण्याआधी आजचा भाव विचारा. सुरमई आणि पापलेट महाग, बांगडा स्वस्त आणि चवीला कुठेही कमी नाही. तिसऱ्या (शिंपले) पहिल्यांदा खाणाऱ्याने थोड्याच खाव्यात. शिंपल्यांची अॅलर्जी अनेकांना असते आणि ती खाल्ल्यावरच कळते. सावजीची सवय असलेल्या जिभेला मालवणी रस्सा सौम्य वाटेल; त्यात तिखट मागून घेण्यापेक्षा कोंबडी-वडे आणि सोलकढी जशी आहे तशी खाऊन बघा.

कपडे कोणते?

माणशी पाण्यात घालायचे दोन जोड, सुटसुटीत आणि सिंथेटिक. जीन्स नेऊ नका. नागपुरात दोन तासांत वाळणारा टॉवेल तिकडे रात्रभर ओला राहतो. पातळ पंचे, दोरी, चिमटे, ओल्या कपड्यांसाठी जाड प्लास्टिकच्या पिशव्या, रबरी चपला. मुलांना लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला, उन्हापासून मलमापेक्षा तो जास्त वाचवतो.

एकूण खर्च?

एसी खोली साधारण हंगामात दोन ते चार हजार रुपये रात्रीला, शाकाहारी थाळी दीडशे ते अडीचशे, सुरमईची थाळी साडेतीनशे ते पाचशे, कुडाळ ते तारकर्ली खासगी गाडी हजार ते दीड हजार. एसटीने गेलात तर हा शेवटचा आकडा फार खाली येतो. कुडाळ-मालवण गाड्या दिवसभर असतात. पाण्यातल्या खेळांचे 'पॅकेज' घेताना त्यात काय आहे ते वाचा. पाच खेळांतले तीन मुलांच्या वयाला बंद असतात आणि पैसे मात्र पाचांचे जातात. हवे तेवढे सुटे घ्या. रोख थोडी जास्त ठेवा, देवबागकडे नेटवर्क गेले की मोबाइलने पैसे देता येत नाहीत.

इतके लांब चाललोच आहोत तर गोवाही करावे का?

नको. दोन मुक्काम म्हणजे दोनदा सामान बांधणे आणि एक पूर्ण दिवस रस्त्यात. आठ दिवस असतील तर विचार करा.

पुरी किंवा विशाखापट्टणम नागपूरला सोपे नाही का?

प्रवासाच्या दृष्टीने सोपे आहे, हे मान्य करायला हवे. दोन्हीकडे थेट गाड्या आहेत. समता एक्सप्रेस नागपूरहून विशाखापट्टणमला नेते. रजा चारच दिवसांची असेल तर आम्हीही तेच सुचवू. पुरीच्या लाटा मात्र जोरदार असतात, लहान मुलांना तिथे फक्त पाय भिजवता येतात. आणि रथयात्रेच्या दिवसांत तिकडे कुटुंबाने फिरायला जाऊ नये. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ. दिवाळीत जायचे असेल तर रद्द करता येणारेच आरक्षण घ्या.

येताना काय आणावे?

आमसूल, काजू, मालवणी मसाला, खाजे, फणसपोळी. हापूस आणायचा असेल तर हिरवट, कडक आंबे घ्या आणि पेटीतले गवत काढू नका. पिकलेले फळ दीड दिवसाच्या प्रवासात डागाळते. सुकी मासळी तीन पिशव्यांत बांधून पत्र्याच्या किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर डब्यातले सहप्रवासी वर्ध्यापर्यंत तुमच्याकडे बघत राहतील. कोकमाचा आगळ हा खारट, बिनसाखरेचा असतो, सरबताची बाटली वेगळी. लेबल वाचून घ्या. दोन्हींची झाकणे चिकटपट्टीने बंद करा आणि बाटल्या कपड्यांच्या बॅगेत ठेवू नका, कारण आगळाचा डाग धुऊन जात नाही.